आता पुढचं सांगा

"अभिनंदन सर, फारच सुंदर निकाल," कानात मुंबईचा कुणीतरी म्हणाला आणि संयोगिताने कूकरखालचा गॅस बंद केला.

दर तिमाहीला हे असंच चालतं. कंपनीचे आकडे जाहीर होतात, मग साहेबमंडळी एका खोलीत फोन घेऊन बसतात आणि देशभरातले विश्लेषक एकाच लाइनवर येऊन त्यांना प्रश्न विचारतात. प्रश्न नंतर, आधी अभिनंदन. आहेर दिल्याशिवाय पंगतीला बसू नये, तसा हा रिवाज. आकडे चांगले आले तर आलेच, आणि आपटले तरी 'कठीण काळात टिकून राहिल्याबद्दल' अभिनंदन. संयोगिता राव मात्र थेट प्रश्नावर यायची. त्यामुळे तिचं नाव नेहमी शेवटी-शेवटी पुकारलं जाई, आणि दुसरा प्रश्न विचारायच्या आत 'कृपया पुन्हा रांगेत या' म्हणून तिची बोळवण होई.

स्टार आणि एक दाबून तिने रांगेत नाव लावलेलं होतं. हेडफोन कानाला, फोन ओच्यात खोचलेला, आणि बेंगळुरात, चामराजपेटेतल्या त्या अरुंद घरात तिच्या स्वयंपाकघर ते पुढची खोली अशा येरझारा चालल्या होत्या. बसून तिला कॉल ऐकताच येत नसे. पायाला भिंगरी लागल्याशिवाय हिचं डोकं चालत नाही, असं तिची आई जिवंत असताना म्हणायची, आणि ते खरंच होतं.

पुढच्या खोलीत खिडकीपाशी तिचे वडील विठोजीराव बसले होते. घरात आणि गल्लीत सगळे त्यांना अण्णाच म्हणत. सिटी मार्केटच्या बसस्टँडवर कंट्रोलर म्हणून त्यांची हयात गेली. कुठली गाडी कधी सोडायची, ड्रायव्हर आला नाही तर कुणाला बसवायचं, सगळं तोंडपाठ. आता मात्र त्यांची आठवण विसकटत चालली होती. नुसता विसरणारा माणूस निदान 'माहीत नाही' म्हणतो. अण्णा तसं कधी म्हणत नसत. तुम्ही आजचा प्रश्न विचारा, ते कुठल्यातरी जुन्या वर्षातलं उत्तर देत, तेही ठणठणीत आवाजात.

"अण्णा, गोळी घेतली?"

"जयनगरची गाडी आत्ताच सोडली. पुढची येतेय, स्वल्प थांबा."

सुरुवातीला संयोगिता वाद घालायची, चिडायची, एकदा तर रडलीही होती. मग शिकली. त्यांचं उत्तर चूक म्हणायचं नाही आणि बरोबरही म्हणायचं नाही. फक्त आवाज खाली आणायचा आणि कन्नडातलं 'सरी', म्हणजे 'बरं', लावून म्हणायचं, "सरी अण्णा, ते झालं. आता पुढचं सांगा बघू." मग बहुतेक वेळा अण्णा एकदा डोळे मिचकावत आणि जिथे खरोखर होते तिथे परत येत. "नाही गं, राहिलीच गोळी. दे."

दिवसभर त्यांच्याजवळ बसणारी भाग्यलक्ष्मी अक्का भाच्याच्या लग्नाला हासनला गेली होती. म्हणून आज संयोगिताने बेळ्ळंदूरचं ऑफिस टाळून घरूनच कॉल घ्यायचं ठरवलं. मंजुनाथने, म्हणजे तिच्या साहेबाने, परवानगी दिली. पण ज्या आवाजात दिली त्यापेक्षा नाही म्हणाला असता तर बरं.

त्यालाही कारण होतं. आज ज्या कंपनीचा कॉल होता ती निर्वेध सिस्टिम्स मोठमोठ्या कारखान्यांना सॉफ्टवेअर विकायची. माल किती आला, किती गेला, पगार कुणाचे किती, सगळं त्यात. सगळा बाजार या कंपनीवर खूश. फक्त संयोगिताने आपल्या अहवालात लिहून ठेवलं होतं, 'शेअर विका'. का? तर निर्वेधचा सर्वात मोठा ग्राहक, एक टायर कंपनी, हातचा जाणार आहे असा तिचा अंदाज होता. त्या टायर कंपनीच्या कँटीनमध्ये ती ओळखीवर जेवून आली होती आणि तिथली माणसं आमटी ओरपताना दुसऱ्याच सॉफ्टवेअरच्या ट्रेनिंगबद्दल कुरकुरत होती. तिला एवढं पुरेसं होतं, पण बाजाराला ते पुरेसं नव्हतं. ती 'विका' म्हणत राहिली आणि शेअर वर जात राहिला. तिचं ऐकून ज्यांनी विकले ते आता मंजुनाथला फोन करून तिचा उद्धार करत होते.

"हे बघ," मंजुनाथ काल तिला कन्नडात म्हणाला होता, "उद्या त्याच्या तोंडून काही निघालं तर निघालं. नाहीतर तू मत बदल आणि या कंपनीवर लिहायचं काम शंतनुकडे दे. आणि मग हे घरून काम वगैरेही मला वर पटवून देता येणार नाही."

म्हणजे आज एका माणसाच्या तोंडून एक वाक्य निघायला हवं होतं. तो माणूस म्हणजे निर्वेधचे अर्थप्रमुख चंद्रकांत देवस्थळी.

संयोगिता त्यांना कधी समोरासमोर भेटली नव्हती. पण नोकरीला लागल्यापासून त्यांचा एकही कॉल तिने चुकवला नव्हता, आणि आवाजाची ओळख ही काही लहान ओळख नाही. माणूस कुठे श्वास घेतो, कुठे शब्द चघळतो, खाली असलेला आकडा सांगताना कसा घाईने पुढे सरकतो, हे तिला पाठ झालं होतं. देवस्थळी मूळचे सांगलीकडचे. सरकारी कारखान्यात इंजिनियर, मग हिशेबाच्या बाजूला वळलेले, अतिशय सभ्य. तिचा प्रश्न कितीही टोचरा असो, "संयोगिता, तुमचा प्रश्न नेहमीप्रमाणे सरळ आहे," असं म्हणूनच ते उत्तर सुरू करत. ती मराठी आहे हे मात्र त्यांना माहीत नव्हतं. राव म्हटलं की बेंगळुरात लोक कन्नडच धरून चालतात, आणि तिनेही कधी सांगितलं नव्हतं. शहाजीराजांच्या काळापासून आम्ही इथेच आहोत, असं कॉलवर कोण सांगत बसणार?

गेल्या दोन-तीन कॉलपासून मात्र त्यांच्यात बदल झाला होता. 'मघाशी म्हटल्याप्रमाणे' असं ते म्हणत आणि मघाशी त्यांनी काहीच म्हटलेलं नसे. साधा आकडा विचारला तरी, "हर्ष तुम्हाला नंतर कळवेल." हर्ष म्हणजे त्यांच्या शेजारी बसणारा, गुंतवणूकदारांशी बोलणारा तरुण. संयोगिताने हे सगळं टिपलं आणि आपल्या अहवालात मोठ्या ठसक्यात लिहिलं: व्यवस्थापन उत्तरं टाळतंय. दाल में काला आहे म्हणायचं, फक्त सुटाबुटातल्या भाषेत.

"पुढचा प्रश्न संयोगिता राव यांचा," कॉल चालवणारी मुलगी कानात म्हणाली.

तिने घसा साफ केला. हे बोलणं अर्थातच इंग्रजीतून चाललं होतं.

"सर, एकच प्रश्न. तुमच्या सर्वात मोठ्या ग्राहकाने, टायर कंपनीने, या वर्षीचं कंत्राट पुढे चालू ठेवलंय का? हो किंवा नाही."

"संयोगिता, तुमचा प्रश्न नेहमीप्रमाणे सरळ आहे," देवस्थळी म्हणाले. मग ते बोलायला लागले. टायर कंपनीचं काम नुकतंच सुरू झालं आहे. आमची मुलं तिथल्या गोदामात मुक्काम ठोकून आहेत. सुरुवात छोटी आहे, पण एक दिवस हा आमचा सर्वात मोठा ग्राहक असेल, असा मला विश्वास वाटतो.

संयोगिताचे पाय थबकले. हे वाक्य तिने ऐकलेलं होतं. ती नोकरीत नवीन असताना, तिच्या पहिल्याच कॉलवर, याच आवाजात, अगदी असंच.

"सर, मी या वर्षीबद्दल विचारतेय. कंत्राट संपलं, ते पुन्हा झालं का?"

"आमची मुलं तिथल्या गोदामात मुक्काम ठोकून आहेत," देवस्थळी पुन्हा तितक्याच प्रसन्नपणे म्हणाले. "सुरुवात छोटी आहे, पण एक दिवस..." आणि तिथे ते थांबले. पलीकडे कागद सळसळला. कुणीतरी काहीतरी पुटपुटलं. शेकडो माणसं लाइनवर ऐकत होती.

संयोगिता पुढच्या खोलीच्या दारात उभी होती. समोर अण्णा खिडकीतून रस्त्यावरच्या बसकडे बघत होते. तिच्या मनात डाव नव्हता, हे नंतर तिने स्वतःला किती वेळा बजावलं याला गणतीच नाही. डाव टाकायला विचार करावा लागतो आणि त्या क्षणी ती विचार करतच नव्हती. घरात रोज जे तोंडात बसलेलं होतं तेच बाहेर पडलं. आवाज खाली आला आणि ती मराठीत म्हणाली,

"सरी अण्णा, ते झालं. आता पुढचं सांगा बघू."

 मग पलीकडून एक निःश्वास आला, पाठीवरचं पोतं उतरवल्यावर टाकतात तसा.

"नाही गं," चंद्रकांत देवस्थळी मराठीत म्हणाले. "ते गेले. मार्चमध्येच गेले. इतक्यात कुणाला सांगायचं नाही, असं अध्यक्ष म्हणालेत."

लगेच खाटखूट झाली. हर्षचा आवाज इंग्रजीतून घाईघाईने आला, "सरांच्या लाइनमध्ये काहीतरी बिघाड आहे, कृपया थांबा," आणि लाइनवर थांबवून ठेवतात तेव्हाची सतार वाजायला लागली. अण्णांनी खिडकीतून मान वळवली आणि विचारलं, "मला काय म्हणालीस?"

"तुम्हाला नाही, अण्णा."

"मग अण्णा कुणाला म्हणालीस?"



सतार कितीतरी वेळ वाजत राहिली आणि मग तीही तुटली. पण व्हायचं ते झालं होतं. कॉल ऐकणारे निम्मे लोक मुंबईत बसलेले. मराठी कळणार नाही असं तिथे होतं कोण! बाजार बंद व्हायच्या आत शेअर असा कोसळला की विकायला निघालेल्यांना घ्यायला कुणी मिळेना. संध्याकाळी कंपनीने शेअर बाजाराला कळवलं की एका मोठ्या ग्राहकाच्या कंत्राटाविषयी खुलासा लवकरच करण्यात येईल. खुलासा लवकरच म्हटलं की काय समजायचं ते शहाण्याला समजतं.

संयोगिताचा फोन तापला. ऑफिसातल्या शंतनुचा निरोप आला, 'अक्का, हे कुठे शिकलीस? आम्हालाही शिकव.' महिनोन्महिने तिला शिव्या घालणारे आता तिला 'मॅडम' म्हणत होते. आणि मंजुनाथ तर आनंदाने ओरडतच होता.

"सूपर कणम्मा! अगं मातृभाषेत विचारलंस! माणूस इंग्रजीत खोटं बोलायची तयारी करून बसतो आणि तू मागच्या दाराने शिरलीस. हे सुचलं कसं तुला?"

"सुचलं नाही, सर. चुकून झालं."

"चुकून!" तो हसला. "बरं, ऐक. रात्रीपर्यंत अहवाल दे. आणि एक सांग, त्या देवस्थळींना झालंय काय? सुरुवातीला ते भलतंच काहीतरी बोलत होते. आजारी-बिजारी आहेत का? सगळ्यांना वाटतंय, तुझा प्रश्न ऐकून गडबडले. पण तुला आणखी काही कळलं असेल तर घाल त्यात. कंपनीचा हिशेब अशा माणसाच्या हातात म्हटल्यावर उद्या शेअर आणखी पडेल. नाव तुझं होईल."

संयोगिता स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. तिला पक्कं ठाऊक होतं. शेकडो माणसांनी तेच शब्द ऐकले होते, पण ते काय आहे हे तिला एकटीला कळलं होतं, कारण ते तिच्या घरात रोज खुर्ची टाकून बसलेलं होतं. आणि ज्या गोष्टीची तिला आता शरम वाटत होती ती दुपारची नव्हतीच. ती होती त्या आधीच्या दोन-तीन कॉलची. 'मघाशी म्हटल्याप्रमाणे.' 'हर्ष कळवेल.' अण्णांनी हेच केलं की ती त्यांच्या केसांवरून हात फिरवायची, आणि या माणसाने केलं तेव्हा तिने त्याला लबाड ठरवून तसा छापील शिक्का मारला. घरातली ओळख तिने उंबऱ्याच्या आतच ठेवली होती. आणि शेवटी तिचा अंदाज खरा निघाला, हे त्याहून वाईट. खोटा निघाला असता तर निदान माफी मागायला जागा राहिली असती.

"मला काय माहीत, सर," ती म्हणाली. "मी काही डॉक्टर नाही."

"पण तुला वाटतं काय?"

"ग्राहक गेला आणि कंपनीने ते लपवलं. तेवढं मी लिहीन. ते कंपनीचं पाप आहे, ते खणखणीत लिहीन. बाकी मला काही वाटत नाही."

 "तुझी मर्जी," मंजुनाथ म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. मर्जी या शब्दात त्याने काय-काय भरलं होतं, ते पुढच्या वर्षी पगारवाढीच्या वेळी दिसणारच होतं.

तिने लिहायला घेतलं, पण हात चालेना. उठली, अण्णांना इडली दिली, परत बसली, परत उठली. लिहिलेलं वाक्य खोडलं. हे न लिहिणं म्हणजे आपणही लपवणंच नाही का, असा किडा डोक्यात वळवळत होता. ज्यांनी पैसे घातलेत त्यांना हे कळायला नको का? कळायला हवं. पण मग ते हर्षने सांगावं, त्यांच्या अध्यक्षांनी सांगावं. त्या माणसाला पुढे बसवून मागे लपले होते ते त्यांनी सांगावं. मी का? दोन्ही बाजूंनी ती स्वतःच वकील आणि स्वतःच न्यायाधीश, त्यामुळे निकाल काही लागेना.

दिवेलागणीला अनोळखी नंबरवरून फोन आला. तिला वाटलं, आणखी एक अभिनंदन.

"संयोगिता राव का? मी हेमलता देवस्थळी बोलतेय. राजाजीनगरहून."

संयोगिता उभीच राहिली.  आता ही बाई जे बोलेल ते ऐकून घ्यायचं, असं तिने ठरवलं.

पण हेमलताबाईंचा आवाज नुसता थकलेला होता. "तुमचा नंबर हर्षकडून घेतला. राग मानू नका. हे दुपारपासून एकच धोशा लावून बसलेत. आज कॉलवर मी काय बोललो, काय बोललो. ऑफिसातले यांना काही सांगायला तयार नाहीत, सगळे म्हणतात छान झालं, तुम्ही विश्रांती घ्या. मी सांगितलं तर विश्वास नाही. म्हणतात, त्या संयोगिताला विचारतो, ती उगाच गोड बोलत नाही." त्या थांबल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही काय सांगायचं ते सांगा. पण जपून हो."

फोन हातातून हातात गेला.

"संयोगिता?" तोच आवाज, तीच सभ्य धाटणी, पण आता मराठीतून. "आपण मराठी आहात, मला माहीतच नव्हतं. बघा, इतकी वर्षं इंग्रजी झाडत बसलो. बरं, आज कॉल झाला ना आपला?"

"झाला, सर."

"तुम्ही प्रश्न विचारलात."

"हो."

"मी काय उत्तर दिलं?"

संयोगिताने डोळे मिटले. घरी ती दिवसाकाठी कितीतरी वेळा खोटं बोलायची, आणि त्यात तिला काही वावगं वाटत नसे. गाडी आली, गाडी गेली, आई बाजारात गेलीय. इथेही एक वाक्य पुरलं असतं. नेहमीसारखंच उत्तर दिलंत, सर, छान. त्यांना झोप लागली असती. पण हा माणूस इतकी वर्षं तिच्या प्रश्नांना उत्तरं देत आला होता आणि आज पहिल्यांदाच त्याने तिला प्रश्न विचारला होता. सरळ प्रश्न होता.

"टायर कंपनी गेली का, असं मी विचारलं," ती म्हणाली. "आधी तुम्ही जुनंच काहीतरी सांगितलंत. मग म्हणालात, ते गेले. मार्चमध्येच गेले. आणि हेही म्हणालात की कुणाला सांगायचं नाही असं तुम्हाला बजावलंय."

 संयोगिताला वाटलं, गेले, पुन्हा कुठल्यातरी गोदामात जाऊन बसले.

"सगळ्यांसमोर?" देवस्थळींनी विचारलं.

"सगळ्यांसमोर."

"हर्ष नाही बोलला? मी बोललो?"

"तुम्हीच, सर."

"मी त्यांना तेव्हाच म्हणालो होतो," ते सावकाश म्हणाले. "हे लपवता येणार नाही, आणि मला लपवायला सांगू नका. मला आता जमत नाही. हल्ली माझं... मला जमत नाही, संयोगिता. कुठलं कधीचं तेच कळत नाही. पण हे मी म्हणालो होतो. हे नक्की आठवतं."

"तुम्ही म्हणाला असाल, सर," ती म्हणाली.  "तुमच्याविषयी मी जे आधी लिहिलं होतं ते चुकीचं होतं. तुम्ही टाळत नव्हतात."

"हं," ते म्हणाले. त्यांना ते कळलं की नाही कोण जाणे.  मग कॉलवर म्हणत तसंच, अदबीने, त्यांनी विचारलं, "आणखी काही प्रश्न?"

"नाही, सर. माझ्याकडून काही नाही."

"आभारी आहे."

फोन बंद करायला ते विसरले. तो बहुधा टेबलावर ठेवला गेला, कारण आवाज लांबून यायला लागले. खुर्ची सरकल्याचा, भांड्यावर झाकण ठेवल्याचा. ऐकू नये हे संयोगिताला कळत होतं, तरी तिचा हात कानापासून हलेना.

"हेमा, ऐकलंस का," चंद्रकांत देवस्थळी सांगत होते. "हर्षने नाही सांगितलं. मी सांगितलं. सगळ्यांसमोर, मीच सांगितलं."

"बरं केलंत," हेमलताबाई म्हणाल्या. "चला, ताट वाढलंय."